अट कुणाची होती, बाई?

बाई, पकडल्या गेलात तुम्ही!

तुमची तेरवी होऊन अजून आठवडाही झालेला नाही. अशा वेळी माणसानं मान खाली घालून, आवाज जड करून चार शब्द लिहावेत अशी रीत आहे. ती मला जमेना. तुमच्या सावली गावाहून परतल्यापासून हसण्याच्या नुसत्या उकळ्या फुटताहेत, आणि ज्या एका माणसाकडे धावत जाऊन हे सांगावं ते माणूस म्हणजे तुम्ही. तुम्ही असतात तर ओट्यावर तांदूळ निवडता निवडता, मान वर न करता म्हणाला असतात, "सांगा मास्तर, आज कुठी पडले तुम्ही?"

तर ऐका. या खेपेला मी पडलो नाही. चार बाप, एक प्रिन्सिपॉल आणि एक तर्कशास्त्राचा प्राध्यापक, एवढ्या पुरुषांना तुम्ही इतकी वर्षं ज्या एका थापेवर नाचवलंत, ती थाप परवा सावलीच्या खळ्यावर भर उन्हात उघडी पडली. तो तर्कशास्त्राचा प्राध्यापक म्हणजे मीच, हे तुम्हाला सांगायला नको; पण हा मजकूर कॉलेजच्या वार्षिक अंकात जायचा आहे, तेव्हा वाचणाऱ्यांना कळलेलं बरं. प्रिन्सिपॉलसाहेब वाचतील याची मला भीती नाही. आपला अंक कधी वेळेवर निघालाय? तो छापून येईपर्यंत आपल्या पोरी बीए होऊन बसलेल्या असतील.

सुरुवातीपासून सांगतो. तुम्हाला सगळं ठाऊक आहे, पण माझ्या बाजूनं ते कसं दिसत होतं ते तुम्ही कधी ऐकलंच नाही.

चांद्याला कॉलेज निघालं आणि मी नागपूरहून नवा कोट, नवे बूट घालून इथं दाखल झालो. मोठ्या शहरांतल्या कॉलेजांत जे जे असतं ते ते आपल्याकडे हवं, असा साहेबांचा ध्यास. त्यातलाच एक नियम मुलींचा. मुलींनी वर्गात आपापलं जायचं नाही. प्रयोगशाळेशेजारची सामानाची खोली रिकामी करून तिला 'लेडीज रूम' नाव दिलं होतं. मुलींनी तिथं बसायचं. तासाच्या वेळी प्राध्यापकानं दारावर टकटक करायची. मुलींनी त्याच्या मागं ओळीनं वर्गात जायचं, पुढच्या बाकावर बसायचं, आणि तास संपला की पुन्हा त्याच्या मागंच खोलीत परतायचं. म्हणजे शिकवण्याआधी आणि शिकवल्यानंतर मी बदकीण व्हायचं आणि मुलींनी पिल्लं.

पहिल्या दिवशी मी टकटक केली. चार मुली बाहेर आल्या आणि त्यांच्या मागून तुम्ही. नऊवारी लुगडं, केस कानाशी पांढरे, काखेत पुस्तकं. मी अगदी नम्रपणे हात जोडले.

"आई, पालकांनी ऑफिसात थांबायचं. तास झाला की मुलींना भेटा."

"मी पालक नाई वो."

"मग?"

"तुमची विद्यार्थिनी होय. चला, चला. तास जाऊन राह्यला."

मी चाललो. वर्गात शिरलो तर सगळे पोट्टे ताडकन उभे राहिले. मला भरून आलं. "बसा, बसा," मी म्हटलं. कुणी बसेना. मग माझ्या मागून तुम्ही म्हणालात, "बसा रे," आणि अख्खा वर्ग खाली बसला. निम्म्यांना तुम्ही बाराखडी गिरवायला लावली असावी असा त्यांचा चेहरा झाला होता. पुढं काय शिकवलं ते मला आठवत नाही. मुलांनाही आठवत नसणार.

त्या दिवशी साहेबांनी मला खोलीत बोलावून सगळी हकिगत सांगितली. पार्वताबाई, सावलीच्या मुलींच्या शाळेतल्या मास्तरीण. कोवळ्या वयात कपाळ पांढरं झालेलं, मूलबाळ नाही. त्यांच्या हाताखालून गेलेल्या चार शेतकऱ्यांच्या मुली मॅट्रिक झाल्या. बाप पुढं शिकवायला तयार आहेत, पण त्यांची अट आहे: सोबत जाणती बाई हवी, बिऱ्हाडातही आणि वर्गातही. आणि कॉलेजच्या वर्गात विद्यार्थ्याखेरीज कुणाला बसता येत नाही.

"म्हणून त्या बिचाऱ्या स्वतःच नाव घालून बसल्या," साहेब म्हणाले आणि त्यांनी चष्मा पुसला. "शाळेची नोकरी सोडली हो! बरं झालं, मॅट्रिक आधीच बाहेरून बसून झाल्या होत्या."

"फारच बरं झालं," मी म्हटलं आणि मीही चष्मा पुसला. मला चष्मा नवा नवा लागला होता, तो पुसायला निमित्तच हवं असायचं.

अर्थ स्पष्ट होता. तुम्ही आहात तोवर मुली आहेत. तुम्ही नापास झालात, आजारी पडलात, कंटाळून सावलीला निघून गेलात, की चौघींचं शिक्षण त्याच दिवशी संपलं. बाप बैलगाड्या जुंपून येणार आणि पोरींना घेऊन जाणार. साडेतीन वर्षं मी हे ओझं उरावर घेऊन फिरलो, बाई. तुम्ही शिंकलात तरी माझ्या काळजात धस्स व्हायचं.

आपलं पहिलं भांडण आठवतं ना? मुलींना तर्कशास्त्राऐवजी गृहविज्ञान द्यावं, असा विचार कॉलेजात निघाला. तो कुणाच्या डोक्यातून निघाला म्हणता? नाव घेत नाही, पण तो माणूस आत्ता हा लेख लिहितो आहे. कारण साधं होतं. व्याख्यानाच्या भरात मागं सरता सरता मी चौथऱ्यावरून खाली गेलो होतो, आणि तेव्हापासून चार बापांतल्या रामाजीभाऊंची कमल माझ्याकडे बघितलं की पदर तोंडात कोंबायची. पुढच्या बाकावर हसणारी मुलगी आणि फळ्यावर अनुमानाचे प्रकार, हे दोन्ही मला एकदम पेलत नव्हतं. तुम्ही तडक साहेबांच्या खोलीत आलात. मी तिथंच होतो.

"गृहविज्ञान म्हंजे काय शिकवान?"

"रांधणं, शिवणं, घराची टापटीप," मी म्हटलं.

"कोण शिकवन?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. नव्या कॉलेजात माणसं कमी. "सध्या तरी मीच," मी म्हटलं.

"भात येते का तुमाले रांधता?"

"नाही."

"मंग असं करू. तुम्ही आमाले लॉजिक शिकवा, भात आमी तुमाले शिकवतो." आणि साहेबांकडे वळून अगदी शांतपणे म्हणालात, "साहेब, घरचं काम घरी शिकून झालं. जे घरी कोणीच शिकवत नाई, ते शिकाले आलो इथवर."

मी समजलो, चौघींच्या वतीनं बोलताय.

भाताचं मात्र तुम्ही खरं केलंत. रविवारी सकाळी तुमच्या बिऱ्हाडाच्या ओट्यावर, उघड्या दारात, सगळ्या आळीच्या साक्षीनं माझा तास भरला. चुलीपुढं मी, आजूबाजूला पाचजणी, आणि समोरच्या घरातली म्हातारी अधूनमधून, "त्याले सांगा वो, जाळ कमी कर म्हणून." माझा भात खाली करपला, वर कच्चा राहिला. चौघींनी तो मुकाट्यानं खाल्ला. शेवटी कमल म्हणाली, "नापास, सर. सप्टेंबरात पुन्हा बसा."

आणि ती वरात! तुम्ही गेल्यापासून चांद्यात जो भेटतो तो आधी हळहळतो आणि मग वरातीची आठवण काढून हसतो. तेव्हा ती मीच लिहून ठेवतो, नाहीतर दुसरे कुणी लिहितील आणि त्यात मला आणखी वेडा करतील.

पहिलंच वर्ष, थंडीचे दिवस. वर्गात एका पोट्ट्यानं असा प्रश्न विचारला की मला उत्तर सुचेना. घंटा झाली. मी तेच डोक्यात घोळवत बाहेर पडलो, व्हरांडा ओलांडला, तुमच्या त्या खोलीसमोर थांबायचं ते थांबलोच नाही, फाटकातून बाहेर आणि तसाच रस्त्यानं जटपुऱ्याच्या दरवाजाकडे. तिथल्या हॉटेलात चहा प्यायची माझी सवय. वाटेत लोक फार आदरानं बघत होते. पानवाला ठेल्यावरून खाली उतरला. टांगेवाल्यानं टांगा बाजूला घेतला. मी दोघांनाही नमस्कार केला. नवीन कॉलेजामुळे गावात विद्येची किंमत वाढली, असं मनाशी म्हटलं.

"एक चहा," मी हॉटेलवाल्याला सांगितलं.

"एक का सहा, सर?"

मी मागं वळलो. भर रस्त्यात एका ओळीत पाचजणी. सगळ्यांत पुढं तुम्ही, छातीशी पुस्तकं धरून, तोंडावर सुतकी गांभीर्य. मागं कमल पदर खाऊन राहिली होती. आणि तिच्या मागं निम्मं चांदा.

"बाई! तुम्ही इथं कशा?"

"तुमच्या मागं."

"अहो, पण काऊन?" घाबरलो की मलाही इथली बोली येते.

"नियम हाय न. तास झाला का प्राध्यापकाच्या मागं चालाचं. प्राध्यापक थांबन तवा थांबाचं. तुम्ही थांबलेच नाई, आमी काय कराव?"

"सर," कमल म्हणाली, "आमालेई चहा सांगा. पाय दुखले."

दुसऱ्या दिवशी साहेबांनी तो नियमच मोडीत काढला. मुलींनी वेळेवर आपापलं वर्गात यावं, एवढंच उरलं. मला आता शंका नाही की तुम्ही व्हरांड्यातच मला हाक मारू शकला असतात. मारली नाहीत. मुलींनी आपल्या पायांनी वर्गात यावं, हे साहेबांना अर्ज-विनंत्यांनी पटलं नसतं. माझ्या मूर्खपणानं एका दुपारीत पटलं. या कामी माझ्याइतकं उपयोगी पडलेलं माणूस सबंध जिल्ह्यात नसेल, असं मी गमतीनं म्हणत असतो. गमतीत म्हणतो, पण मनातून मला त्याचा फार अभिमान आहे. तो तुमच्यामुळे मिळाला.

त्या दिवशी मात्र माझी पाचावर धारण बसली होती. "बाई, हे सावलीला कळणार. बाप गाड्या जुंपणार."

"बापाइचं मी पाहीन," तुम्ही म्हणालात. "तुम्ही रस्ता पाहून चालत जा."

केवढा धीर या बाईचा, असं मला वाटलं होतं!

इंटरच्या वर्षी आपला जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला, साहेबांनी भाषण केलं, पेढे वाटले. माझं लक्ष कशात नव्हतं. तुम्ही पास होणार की नाही, याच घोरात मी. चौघींची मला चिंता नव्हती. त्या पाठ करायच्या आणि मोकळ्या व्हायच्या. तुम्ही प्रत्येक ओळीशी भांडायचात. संध्याकाळी ओट्यावर मी शिकवायचो, "जिथं धूर तिथं अग्नी," आणि तुम्ही म्हणायचात, "थंडीत सकाळी धानाच्या बांधीतून वाफ निघते सर, दुरून धूरच दिसते. मंग धानाले आग लागली म्हणून बोंबलाचं का?" मी म्हणायचो, परीक्षेत बांधी येत नाही, बाई. तुम्ही म्हणायचात, "मंग परीक्षाच खोटी हाय." यावर आपलं दोन-दोन तास चालायचं, समोरची म्हातारी कंटाळून आत जायची, आणि कमल मध्येच विचारायची, "सर, हे प्रश्नात आलं त काय लिवाचं?"

निकालाचा पेपर साहेबांच्या खोलीत उघडला. पाचहीजणी दाराशी. "कमलचा नंबर सांगा," साहेब म्हणाले.

"पयले माहा पाहा," तुम्ही म्हणालात.

बरोबरच होतं. सगळ्यांचं पुढचं शिक्षण तुमच्या नंबरावर टांगलेलं. नंबर निघाला. तुम्ही व्हरांड्याच्या टोकाला गेलात आणि भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिलात. रडत असाल म्हणून मी पाणी घेऊन मागं आलो. तुम्ही हसत होतात. आवाज न करता, खांदे हलवत, जत्रेत पाळण्यावर बसायला मिळालेल्या पोरीसारख्या. मी पेल्यासकट उलटा फिरलो, तो खांबावर आदळलो. पेला पडल्याचा आवाज ऐकून तुम्ही, "सर आले वाटते," म्हणालात.

मग ते स्नेहसंमेलन. साहेबांनी मला बोलायला उभं केलं आणि मी तुमच्यावर बोललो. त्यागमूर्ती म्हटलं. समई म्हटलं, चंदन म्हटलं, उदबत्ती म्हटलं. स्वतः जळून दुसऱ्याच्या उपयोगी पडणारं जे जे म्हणून दुकानात मिळतं ते सगळं म्हटलं. टाळ्यांवर टाळ्या. तुमच्या गळ्यात झेंडूचा हार. हार घालून तुम्ही अशा बसला होतात, जसं कुणी दाखवायला आणलंय.

त्यानंतर कितीतरी दिवस तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. हजेरीला "हजर", बस्स. रविवारचा भाताचा तासही बंद. मी कमलला विचारलं, तर म्हणाली, "बाईले राग आला. काऊन ते तुमाले नाई समजाचं." शेवटी मीच ओट्याशी जाऊन उभा राहिलो.

"बाई, माझं काय चुकलं?"

"तुम्ही मले लय मोठं केलं, मास्तर. एवढ्या मोठ्या पाटावर बसाची सवय नाई मले."

"खोटं काय बोललो?"

तुम्ही सुपातला तांदूळ पाखडत राहिलात. "सांगीन कधीतरी," म्हणालात.

सांगितलं नाहीत. दिवाळीच्या सुट्टीआधी शेवटचं भेटलो तेव्हाही नाही. त्या दिवशी उलट मलाच विचारलंत, "एमे कराचं असल त कुठी जाव लागते?"

"नागपूरला. का? चौघींपैकी कोण म्हणतंय?"

"पाहू न, कोण तयार होते ते," तुम्ही म्हणालात, आणि सावलीच्या मोटारीत चढलात.

मग मोटारीच्या ड्रायव्हरनंच निरोप आणला. हिवताप, आठ दिवसांत सगळं संपलं. मी दारात किती वेळ उभा होतो कोण जाणे. ड्रायव्हरनं दोनदा विचारलं, "सर, पानी देऊ का?" पाणी माझ्या घरात, आणि देऊ का म्हणून तो विचारत होता. तो गेल्यावर काय करावं सुचेना, म्हणून भात टाकला. बाई, तो भात इतका सुरेख झाला, शीत न् शीत मोकळं. कुणाला दाखवू? कुणाला सांगू की पास झालो म्हणून? झाकण ठेवलं आणि तसाच बसलो.

साहेबांनी दुसऱ्याच दिवशी बोलावलं. त्यांचाही चेहरा उतरला होता. "आता चौघी गेल्या," म्हणाले. "परीक्षा तोंडावर, आणि बापांची अट तर तुम्हाला ठाऊक आहे. तेरवीला जा. बोलून बघा."

मूल गाव ओलांडून सावली येईपर्यंत मी मोटारीत भाषण पाठ केलं. शेजारच्या कोंबडीवाल्यानं जागा बदलून घेतली. तुमच्या भावाच्या अंगणात पंगती उठल्या. मला ताटावर बोलायचा धीर झाला नाही. रामाजीभाऊ हात धुऊन लगेच खळ्यावर गेले. धान कापून आलेलं, मळणी चालू, बैल दुसऱ्याचे. मी त्यांच्या मागं गेलो. पसरलेल्या धानावरून बैल गोल फिरत होते. मी सरळ मध्ये जाऊन उभा राहिलो.

"भाऊ, स्त्री ही समाजरथाचं..."

"पायतन."

"काय?"

"पायतन काढा पयले. खळ्यात पायतन घालून येत नाईत, सर. लक्षुमी हाय."

मी मागं सरून बूट काढू लागलो. एक निघाला. दुसऱ्याच्या नाडीला गाठ बसली. बैल पुन्हा फिरू लागले, भाऊ कामाला लागतील असं दिसलं, म्हणून तो पाय खळ्याबाहेर वर धरून एकाच पायावर मी भाषण सुरू केलं.

"भाऊ, बाई गेल्या. पण त्यासाठी मुलींचं शिक्षण थांबवू नका. शेवटचं वर्ष आहे."

"कोण थांबवून राह्यलं?"

"म्हणजे?"

"पोट्टी त उद्याच्या मोटारीनं जाऊन राह्यली. चौघीई जाऊन राह्यल्या. तुम्ही काऊन आले एवढ्या दूर?"

वर धरलेला पाय मी खाली टेकला. "पण तुमची अट होती ना? सोबत जाणती बाई पाहिजे म्हणून?"

रामाजीभाऊंनी बैल थांबवले. "आमची अट?"

"हो. चौघा बापांची."

"अट त तुमच्या कॉलेजची, सर! बाई घरी आली होती न सांगाले. म्हणे, रामाजी, प्रिन्सिपॉल पोरी घेतो म्हंते, पण संग मोठी बाई पायजे. आन तेई शिकणारी पायजे, नुसती बसणारी चालत नाई. आमी म्हटलं, अशी कुठी भेटन आता? त म्हणे, नाई भेटली त मीच जातो, काय करता!"

ते "काय करता!" त्यांनी अगदी तुमच्या सुरात म्हटलं, कपाळाला हात लावून.

"भाऊ," मी म्हटलं, "आम्हाला सांगितलं होतं की अट पालकांची."

"कोनं सांगतलं?"

"बाईंनीच."

थांबलेल्या बैलांनी तेवढ्यात धानात तोंड घातलं, तरी भाऊंचं लक्ष नव्हतं. ते हळूहळू खाली बसले. आधी नाकातून आवाज आला, मग पोट हलायला लागलं, मग ते खांद्यावरचा दुपट्टा तोंडावर घेऊन इतके हसले, इतके हसले, की तो दुपट्टा शेवटी डोळ्यांना लावावा लागला. मग तो तिथंच राहिला. माझंही तसंच झालं, फक्त माझ्याजवळ दुपट्टा नव्हता.

कमलच्या आई पाणी घेऊन आल्या होत्या. दोन बाप्ये असे का बसलेत म्हणून बघत राहिल्या. भाऊंनी सांगितलं. त्या घागर खाली ठेवत म्हणाल्या, "मले ठाव होतं."

"तुले? कवापासून?"

"पयल्यापासून. गावातल्या समद्या बायकाइले ठाव होतं. विहिरीवर सांगतलं बाईनं. म्हणे, मले लय शिकाचं हाय वो, पण असं म्हटलं त लोक हासतीन."

"मंग मले काऊन नाई सांगतलं?"

"तुम्ही इचारलं कधी?"

बाई, त्या क्षणी सगळं माझ्या डोक्यात धडाधड जागेवर पडलं. चौघी मॅट्रिक व्हायच्या आधी तुम्ही बाहेरून मॅट्रिकला कुणाच्या सोबतीसाठी बसला होतात? पयले माहा नंबर. बापाइचं मी पाहीन. एमे कुठी होते. आधारविधानं समोर रांगेत उभी होती आणि तर्कशास्त्राचा पगारी प्राध्यापक निष्कर्ष सोडून चष्मा पुसत होता! आणि त्या हाराचं कोडं सुटलं. तुम्ही जळत नव्हता हो. तुम्ही मजेत होता. ओट्यावर माझ्याशी भांडताना, पेपरात नंबर बघताना, रस्त्यानं माझी वरात काढताना तुम्हाला जे हवं होतं ते तुम्ही दोन्ही हातांनी घेत होता, आणि मी त्याला उदबत्ती म्हणत होतो.

चाळिशीची विधवा बाई सरळ म्हणाली असती की मला शिकायचंय, तर आम्ही दात काढले असते. साहेबांनी, बापांनी, आणि सगळ्यांच्या आधी मी. दुसऱ्यासाठी करतेय म्हटल्यावर हार आणले. ही आमची अक्कल तुम्ही आमच्या आधी ओळखलीत, आणि आमच्याच दोन दारांच्या मधून निघून गेलात.

तरी आपलं भांडण मिटलेलं नाही, हे सांगून ठेवतो. मी म्हणतो, तुम्ही स्वतःसाठी आलात आणि मुलींना सोबत घेतलंत. कमल म्हणते, "नाई सर, बाई आल्या नसत्या त आमचं नाव कोणीच घेतलं नसतं." तुमच्याकडे विचारायला यावं तर तुम्ही म्हणाल, "परीक्षेत येते का हे?" मला एवढंच लागतं की मला सांगितलं नाहीत. नसेन मी भरवशाचा, पण गुपित ठेवायला मला अवघड गेलं नसतं. मी खरं बोललो तरी चांद्यात कोण विश्वास ठेवतं?

दुसऱ्या दिवशी चौघी आल्या. तांदळाचं गाठोडं घेऊन कमलच्या आई बिऱ्हाड लावून द्यायला बरोबर. साहेब व्हरांड्यातच भेटले.

"अहो, पण अट?"

"पालकांनी मागं घेतली, साहेब," मी म्हटलं.

"काय सांगता! फार पुढारलेली माणसं."

"हो ना. मी एका पायावर उभा राहून विनंती केली."

साहेबांनी माझी पाठ थोपटली. शब्दाशब्दाला खरं बोललो होतो. अट तेवढी नव्हती. असली कामं तुम्ही किती सराईतपणे करत होता, आणि माझ्या कोटाला आतून घाम फुटला होता.

घंटा झाली. पोरी आपल्या आपण वर्गात गेल्या. कमलच्या आई मात्र व्हरांड्यातच उभ्या. गाठोडं उतरवून झालेलं, परतीच्या मोटारीला वेळ होता. वर्गात काय चाललंय ते दारातून बघत होत्या. मी तासाला निघालो तर म्हणाल्या, "सर, एक इचारू?"

"विचारा ना."

"चवथी झालेल्या बाईले मॅट्रिकले बसाचं असल, त पयले काय कराव लागते?"

"बाहेरून बसता येतं," मी म्हटलं. "आधी मधल्या इयत्तांची तयारी करावी लागेल. ती मी करून घेईन. का हो, कमलच्या धाकट्या बहिणीचा विचार आहे का?"

बाई, मी इतकं होऊनही असं विचारलं! तुम्ही असतात तर कपाळावर हात मारून घेतला असता.

व्हरांड्यात चपराशी होता. खांबाशी दोन पोट्टे टेकलेले होते. साहेबांच्या खोलीचं दार उघडं होतं. कमलच्या आईंनी हे सगळं पाहिलं, डोक्यावरचा पदर सारखा केला, पण आवाज काही खाली आणला नाही.

"मले," त्या म्हणाल्या.